धाडीनंतरची जबाबदारी कोणाची?

“अमुक पेठेंतील कुंटणखान्यावर पोलिसांची धाड, इतक्या स्त्रियांची सुटका, मालकीण व दलाल अटकेंत,” अशा मजकुराची चारपांच ओळींची बातमी वर्तमानपत्रांतून वारंवार छापली जाते. वाचक ती वाचतो, क्षणभर हळहळतो, पोलिसांस मनांतल्या मनांत शाबासकी देतो आणि बाजारभावाच्या सदराकडे वळतो. बातमी तेथेंच संपते. परंतु ज्या स्त्रियांची ती बातमी असते त्यांची हकीकत तेथें संपत नाहीं; किंबहुना तिचा अधिक अवघड भाग तेथूनच सुरू होतो. पोलिसांच्या गाडींत बसविलेली मुलगी त्या रात्रीं कोठें निजते, दुसरे दिवशीं तिच्याशीं कोण बोलतें, सहा महिन्यांनीं ती काय काम करून पोट भरते, आणि पुढें खटला उभा राहतो तेव्हां साक्षीच्या पिंजऱ्यांत तिच्या पाठीशीं कोण असतें, हें विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं. आम्हांस आज याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सुटका करणें हें एका रात्रीचें काम असून तें सरकारचें आहे. सुटलेल्या स्त्रीस माणसांत उभें करणें हें कित्येक वर्षांचें काम असून तें मुख्यतः गांवाचें आहे. आणि हें दुसरें काम न झाल्यास पहिलें फुकट जातें.

आमचे पुष्कळसे वाचक व्यापारउदीम करणारे आहेत. त्यांस हा प्रश्न हिशेबाच्या भाषेंत सांगितल्यास लवकर उमगेल. मुलीला फसवून नेणारा माणूस बहुधा परका नसतो. तो दूरचा नातलग असतो, शेजारी असतो, किंवा शहरांतून बरें लुगडें नेसून परत आलेली गांवचीच एखादी बाई असते. घरकामाची नोकरी, कारखान्यांतली मजुरी, हुंड्यावांचून लग्न, असें कांहीं तरी आमिष दाखविलें जातें. शहरांत पोंचल्यावर ती मुलगी दुसऱ्याच्या हवालीं केली जाते व दलाल आपला पैसा मोजून घेतो. येथपर्यंतचा भाग सर्वांस ऐकून ठाऊक आहे. खरी मख्खी पुढें आहे. दलालास दिलेली रक्कम त्या मुलीच्याच नांवें कर्ज म्हणून मांडली जाते. त्यांत खोलीचें भाडें, जेवण, कपडे, औषधपाणी आणि वर व्याज अशी भर पडत जाते. खातेवही मालकिणीच्या हातीं; जमेची बाजू कोण तपासणार? असें कर्ज फिटावें म्हणून मांडलेलेंच नसतें. कांहीं वर्षांनीं तें फिटलेंच, तर तोंवर त्या स्त्रीची प्रकृति खालावलेली असते, कडेवर एखादें मूल असतें, आणि माहेरच्या गांवानें तिचें नांव टाकलेलें असतें. मग दाराला कुलूप लावण्याची गरज उरत नाहीं. दार उघडें असूनही ती कोठें जात नाहीं, आणि आपण सभ्य लोक म्हणतों, “ती आतां स्वखुशीनें राहिली आहे!”

पळून जाणारीस जाण्यास जागा नसली म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण मुंबईच्या इतिहासांत नमूद आहे. १९१७ सालीं डंकन रोडवरील एका कुंटणखान्यांतून अकूताई नांवाच्या स्त्रीनें पळून जाण्याचा प्रयत्न केला. तिला पुन्हां पकडून आणण्यांत आलें आणि तिचे इतके हाल करण्यांत आले कीं त्यांतच तिचा अंत झाला. गुन्हेगारांना शिक्षा झाल्या, शहरांत खळबळ उडाली, पुढें चौकशी समिति बसली आणि १९२३ सालीं मुंबई इलाख्यांत वेश्याव्यवसायास आळा घालण्याचा कायदा झाला. कायदा झाला हें ठीकच झालें. परंतु ज्या शहरांत एवढी वस्ती होती, तेथें तिनें धांव घ्यावी अशी एकही जागा तिला मिळूं नये, या गोष्टीचा न्यायनिवाडा कोणत्याच न्यायालयांत झाला नाहीं. तो आरोप अकूताईच्या छळकऱ्यांवर नसून शहरावर होता.

आतां सध्यांचा कायदा काय आहे तें पाहूं. देश स्वतंत्र झाल्यावर राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें माणसांचा व्यापार करण्यास मनाई केली. हें कलम मूलभूत हक्कांत आहे. म्हणजे माणूस विकला जाणार नाहीं ही शपथ या राष्ट्रानें आपल्या जन्माच्या वेळींच घेतलेली आहे. तदनुसार १९५६ सालीं अनैतिक व्यापाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला व १९८६ मध्यें त्यांत मोठी दुरुस्ती होऊन त्यास सध्यांचें नांव मिळालें. कुंटणखाना चालविणें, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणें, स्त्रीस या धंद्यांत आणणें व डांबून ठेवणें हे त्यांतील मुख्य गुन्हे होत. शिवाय १ जुलै २०२४ पासून अंमलांत असलेल्या भारतीय न्याय संहितेचें १४३ वें कलम मनुष्यव्यापाराला किमान सात वर्षांची सक्तमजुरी सांगतें. बळी पडलेली व्यक्ति अज्ञान असेल तर किमान दहा वर्षें व कमाल जन्मठेप. पीडित व्यक्तीची संमति होती, ही सबब तेथें चालत नाहीं. तेव्हां कायद्यांत शिक्षा नाहीं अशी तक्रार कोणास करतां येणार नाहीं.

परंतु १९५६ च्या कायद्यांतील एक गोष्ट वकीलवर्गाच्याही फारशी ध्यानांत येत नाहीं, आणि आजच्या लेखाचा रोख तिच्यावरच आहे. या कायद्यानें पोलीस व न्यायाधीश यांच्याखेरीज तिसऱ्या एका पक्षास वारंवार हांक मारलेली आहे. तो पक्ष म्हणजे गांवांतील सामान्य, प्रतिष्ठित नागरिक!

पहिली हांक तेराव्या कलमांत आहे. या कामासाठीं नेमलेल्या विशेष पोलीस अधिकाऱ्यास सल्ला देण्याकरितां त्या भागांतील जास्तींत जास्त पांच समाजसेवकांचें, आणि शक्य तेथें त्यांत स्त्रियाही घेऊन, बिनसरकारी मंडळ नेमण्याची मुभा सरकारास दिलेली आहे. दुसरी हांक पंधराव्या कलमांत. झडतीच्या वेळीं त्या वस्तींतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांस साक्षीस बोलवावें व त्यांत निदान एक स्त्री असावी, असा हुकूम आहे. आणि स्त्री साक्षीदार त्याच वस्तींतील नसली तरी चालेल अशी सवलतही आहे. तिसरी हांक सतराव्या कलमांत. सोडविलेल्या स्त्रीचें पुढें काय करावयाचें हें ठरवितांना दंडाधिकाऱ्यास मदत म्हणून पांच प्रतिष्ठित व्यक्तींचें मंडळ बोलावतां येतें, आणि त्यांपैकीं तीन शक्यतों स्त्रिया असाव्या असें कायदाच सांगतो. चौथी हांक त्याच्या लगतच्या कलमांत. मुलीला आईबाप, पालक किंवा नवरा यांच्या हवालीं करण्यापूर्वीं ते तिचा सांभाळ करण्यास लायक आहेत कीं नाहींत याची चौकशी मान्यताप्राप्त समाजसेवी संस्थेकडून करवितां येते. ही तरतूद किती शहाणपणाची आहे हें सांगावयास नकोच. कारण ज्या घरानें मुलीला विकलें त्याच घरीं तिला परत पाठविणें म्हणजे आगींतून काढून फुफाट्यांत टाकणें होय.

कायद्यानें चार वेळां हांक मारली. गांवानें किती वेळां ओ दिली? झडतीच्या साक्षीस चला म्हटलें कीं दुकानदाराला त्याच दिवशीं उधारी वसूल करावयास जावयाचें असतें. पंच म्हणून सही करण्याचें नांव काढलें कीं सभ्य गृहस्थांना कोर्टाच्या खेपा डोळ्यांपुढें दिसूं लागतात. घरची स्त्री अशा कामीं पाठवावी म्हटलें तर “लोक काय म्हणतील?” हें उत्तर तयार. परिणाम असा होतो कीं नेहमींचेच ठरलेले पंच आणले जातात, बचावाचा वकील उलटतपासणींत त्यांची रेवडी उडवितो, आणि कुंटणखान्याचा मालक संशयाचा फायदा घेऊन मोकळा होतो. मग आपणच म्हणतों कीं पोलीस व मालक एकमेकांस सामील! तसें कोठें असेल तर त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु कुंपण शेत खातें अशी ओरड करणाऱ्यानें आपण राखणीस केव्हां गेलों होतों हेंही सांगावें.

आतां धाडीनंतरच्या व्यवस्थेकडे वळूं. सतराव्या कलमाप्रमाणें चौकशीअंतीं स्त्रीला एक ते तीन वर्षेंपर्यंत संरक्षणगृहांत ठेवण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊं शकतो. कायदा करणाऱ्यांचा हेतु चांगला होता. पण उंच भिंत, कुलूपबंद दार, ठरल्या वारींच भेट, आणि बाहेर केव्हां जावयाचें हें आपल्या हातीं नाहीं, अशा घराला संरक्षणगृह म्हणा कीं आणखी कांहीं म्हणा, आंत राहणारीस तें तुरुंगासारखेंच वाटणार. गुन्हा दुसऱ्याचा आणि कोंडून ठेवावयाचें हिला, हा कोठला न्याय? सप्टेंबर २०२० मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें विशींतल्या तीन तरुणींना अशाच कोंडवाड्यांतून मुक्त करतांना स्पष्ट सांगितलें कीं, या कायद्यानें देहविक्रय हा स्वतः गुन्हा ठरविलेला नाहीं, आणि सज्ञान स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवतां येणार नाहीं. १९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही राज्य सरकारांना आज्ञा केली कीं संरक्षणगृहांची पाहणी करावी आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेची व्यवस्था करावी. सुटका केलेल्यांची पुन्हां सुटका करण्याची पाळी देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायासनावर यावी, यापेक्षां आपल्या व्यवस्थेवर अधिक कडक टीका ती कोणती?

यापूर्वींचा एक धडा याहून कडू आहे. फेब्रुवारी १९९६ मध्यें उच्च न्यायालयाच्या आज्ञेनंतर मुंबईंत मोठ्या धाडी पडल्या आणि चारशेंहून अधिक मुली व स्त्रिया सोडविण्यांत आल्या. त्यांत नेपाळच्या मुली पुष्कळ होत्या. त्यांना ठेवावयाचें कोठें याची तयारी नव्हती. त्या सरकारी गृहांत कोंबल्या गेल्या, महिने लोटले, कांहीं मुली आजारी पडून तेथेंच मरण पावल्या. नागरिकत्वाचे कागद नाहींत म्हणून त्यांच्या मायदेशाचें सरकारही त्यांना परत घेण्यास कां-कूं करीत होतें. अखेरीस नेपाळांतील खासगी संस्थांनीं पुढाकार घेऊन त्यांपैकीं सव्वाशेंहून अधिक मुलींना परत नेलें. या हकीकतीचा पुढचा भाग मात्र प्रत्येकानें लक्षांत ठेवावा असा आहे. परत गेलेल्या मुलींपैकीं कांहींनीं त्याच वर्षीं ‘शक्ति समूह’ नांवाची स्वतःची संस्था उभी केली. ज्यांची सुटका झाली त्याच दुसऱ्यांची सुटका करूं लागल्या, सीमेवर व गांवोगांवीं मुलींना सावध करूं लागल्या, आणि २०१३ सालीं त्यांच्या संस्थेस रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मुंबईच्या गृहांत ज्यांना आपण ओझें समजलों त्यांच्या अंगीं केवढी ताकद होती, हें कळण्यास त्यांना काठमांडूस जावें लागलें!

या ठिकाणीं एका मतभेदाचा उल्लेख करणें न्यायाचें होईल. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ति परिषदेसारख्या, या धंद्यांतील स्त्रियांनीं स्वतः चालविलेल्या संघटना म्हणतात कीं, सज्ञान स्त्रियांना सोडविण्याच्या नांवाखालीं पडणाऱ्या धाडींनीं त्यांचें नुकसानच होतें. पोट बुडतें, मुलें दुरावतात आणि बाहेर आल्यावर कर्ज वाढलेलें असतें. आमचे कांहीं सुधारक मित्र हें ऐकूनच घेत नाहींत. आमच्या मतें तें ऐकलें पाहिजे. अज्ञान मुलीच्या बाबतींत वाद नाहीं. तिला ताबडतोब सोडवून चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें नेलेंच पाहिजे. फसवून आणलेल्या, मारून ठेवलेल्या सज्ञान स्त्रीच्या बाबतींतही वाद नाहीं. बाकीच्यांच्या बाबतींत मदतीचें दार उघडें ठेवावें आणि त्यांतून यावयाचें कीं नाहीं हें तिचें तिनें ठरवावें. ज्या मदतीला कुलूप लावावें लागतें ती मदत तिच्या पसंतीस कां उतरत नाहीं, याचा विचार मदत करणारानें करावा.

हें काम गांवानें करावयाचें म्हणजे काय करावयाचें, असें विचारणारांनीं आपल्याच पूर्वजांकडे पाहावें. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तें आपल्या राहत्या घरींच. फसविल्या गेलेल्या विधवेनें यावें, बाळंत व्हावें, आणि नांव सांगावयाचें नसल्यास सांगूं नये, अशी ती सोय होती. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या आपल्या वसाहतींत अशा स्त्रियांसाठीं कृपासदन चालविलें. शिवराम जानबा कांबळे यांनीं ‘सोमवंशीय मित्र’ पत्रांतून मुरळ्यांचा प्रश्न जाहीरपणें मांडला, आणि १९०९ सालीं त्या चळवळींतून एका मुरळीचें उजळ माथ्यानें लग्न लागलें. १६ जून १९३६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या दामोदर हॉलांत देवदासी, जोगतिणी व मुरळ्या यांच्यापुढें भाषण करून त्यांना तो जीवनक्रम सोडण्याचें निक्षून आवाहन केलें. सोडल्यावर पोट कसें भरावयाचें याचें उत्तर एका भाषणानें देण्यासारखें नव्हतें. तें समाजानें द्यावयाचें होतें, आणि तें समाजानें पुरतेपणीं अजून दिलेलें नाहीं.

मात्र ज्यांनीं तें देण्याचा प्रयत्न केला त्यांचीं उदाहरणें आपल्यापुढें आहेत. मुंबईच्या कामाठीपुऱ्यांत ‘प्रेरणा’ या संस्थेनें १९८८ सालीं रात्रीचें बालसंगोपन केंद्र सुरू केलें. कल्पना अगदीं साधी आहे. आई ज्या वेळीं खोलींत मूल ठेवूं शकत नाहीं त्याच वेळीं मुलांना सुरक्षित निजावयास जागा, जेवण आणि अभ्यासाला दिवा. या साध्या सोयीनें, आईच्या मागोमाग मुलगीही त्याच धंद्यांत जावयाची हा क्रम तोडण्यास आरंभ झाला. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) येथें गिरीश कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं ‘स्नेहालय’ स्थापन केलें. तें राजधानीचें शहर नव्हे. आपल्यासारखेंच जिल्ह्याचें गांव आहे. तेव्हां हें काम मुंबईपुण्यासच शक्य, असें म्हणण्यास जागा नाहीं. हैदराबादेस १९९६ सालीं निघालेल्या ‘प्रज्वला’ संस्थेनें सुटून आलेल्या मुलींच्या हातीं शिवणयंत्रच द्यावें हा ठराविक शिरस्ता सोडून त्यांना पुस्तकबांधणी, सुतारकाम, वेल्डिंग असे धंदे शिकविले. आणि कलकत्त्याच्या सोनागाछींत १९९५ सालीं धंद्यांतील स्त्रियांनींच ‘उषा’ नांवाची सहकारी पतसंस्था काढली. सहकारी कायद्यांतील चारित्र्याची अट आड आली तेव्हां त्या अटीविरुद्ध झगडून त्यांनीं नोंदणी मिळविली. वर आम्हीं कर्जाचा जो फांस वर्णिला, त्यावर या पतपेढीइतका नेमका उपाय दुसरा आम्हांस दिसत नाहीं. जिचें खातें तिच्या नांवावर आहे तिला मालकिणीची वही बांधून ठेवूं शकत नाहीं.

या अनुभवांवरून कोणत्या गोष्टी लागतात तें निश्चित सांगतां येतें. पहिली गोष्ट म्हणजे कोर्टांत सोबत. दलालास शिक्षा होणें न होणें बहुतांशीं त्या मुलीच्या साक्षीवर अवलंबून असतें, आणि ती साक्ष दूरच्या गांवाहून येऊन, धमक्या सोसून, द्यावयाची असते. विधिसेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यान्वयें मनुष्यव्यापारास बळी पडलेल्या व्यक्तीस तिची मिळकत कांहींही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केलेली आहे. गुन्हेगार सांपडला नाहीं तरी नुकसानभरपाईसाठीं जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे अर्ज करतां येतो. हे हक्क कागदावर आहेत; पण अर्ज लिहावयाचा कोणीं? आमच्या वकीलबंधूंनीं महिन्यांतून एक दिवस या कामास दिला तर त्यांची वकिली बुडणार नाहीं.

दुसरी गोष्ट कागदपत्रें. पत्ता नाहीं म्हणून ओळखपत्र नाहीं. ओळखपत्र नाहीं म्हणून शिधापत्रिका नाहीं, बँकेंत खातें नाहीं, भाड्याची खोली नाहीं. राहत्या पत्त्याचा पुरावा नसतांही या धंद्यांतील स्त्रियांना अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधारपत्र द्यावें, असें २०२२ च्या निकालांत ठरलेलें आहे. त्यासाठीं कचेरींत दोनचार खेपा घालणारा एखादा जाणता सोबती मात्र लागतो. तिसरी गोष्ट शरीर व मन यांचें औषध. जखम दिसते तिला मलम मिळतें. पण रात्रीं दचकून उठणारी, पुरुषाचा आवाज ऐकतांच आखडणारी, कोणावरच विश्वास न टाकणारी मुलगी “हट्टी” व “कृतघ्न” ठरते. हा हट्ट नसून आजार आहे, आणि त्याला वेळ, शांतता व जाणता वैद्य लागतो, हें तिच्या भोंवतालच्या माणसांनीं समजून घेतलें पाहिजे.

चौथी गोष्ट निवारा. केंद्र सरकारची २००७ पासूनची उज्ज्वला योजना होती. ती २०२२ पासून ‘शक्ति सदन’ योजनेंत सामील झाली आहे. परंतु सदनांत कायमचें राहतां येत नाहीं आणि राहूंही नये. तेथून निघाल्यावर शहरांत खोली देणारा घरमालक पाहिजे. पांचवी गोष्ट काम, आणि येथें आम्ही व्यापारी वाचकांस विशेष विनंति करणार आहों. दान मागत नाहीं, पगार मागतों. पेढीवर, छापखान्यांत, गोदामांत, शिवणाच्या कारखान्यांत, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांत एक जागा द्या; बाजाराच्या दराप्रमाणें वेतन द्या; काम चुकलें तर इतरांस बोलाल तितकेंच तिला बोला; आणि तिची पूर्वकथा दुकानांतल्या नोकरांस सांगूं नका. उपकाराच्या भावनेनें अर्ध्या पगारावर ठेवलेली नोकर म्हणजे पुन्हां एक न फिटणारें कर्ज तिच्या नांवें मांडणें होय.

सहावी गोष्ट मौन. ही आम्हां वर्तमानपत्रकारांस सर्वांआधीं लागू आहे. धाडीच्या बातमींत स्त्रीचें नांव, गांव किंवा छायाचित्र छापणें म्हणजे तिच्या परतीची वाट आपल्या हातानें बुजविणें होय. २०२२ च्या निकालांत न्यायालयानें याविरुद्धही स्पष्ट ताकीद दिली आहे. आणि मौनाबरोबर एक शब्दही टाकला पाहिजे. गेल्या पिढ्यांतील थोर सुधारकांच्याही लेखणींतून ‘पतिता’ हा शब्द सहज उतरत असे. पडणें आणि ढकलली जाणें यांत फरक आहे. ढकलणाऱ्यास नांव नाहीं आणि ढकललेलीस मात्र ‘पतिता’ ही पदवी, हा भाषेचा अन्याय आतां पुरे झाला.

यावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणतील, अशा बायका वस्तींत आल्यास वस्ती बिघडेल. आम्ही विचारतों, त्यांच्याकडे जाणारे पुरुष ज्या वस्त्यांत उजळ माथ्यानें राहतात त्या वस्त्या आजवर बिघडल्या नाहींत काय? दुसरे म्हणतील, किती करा, त्या परत तिकडेच जातात. कांहीं जातात हें खरें. पण कां जातात याचा हिशेब मांडा. बाहेर खोली मिळत नाहीं, काम मिळालें तर पोटापुरता पगार नाहीं, मुलाला शाळेंत बापाचें नांव विचारतात, माहेर दार लावतें, आणि जुनी मालकीण मात्र निरोप पाठवीत असते. एवढें सगळें तागडीच्या एका पारड्यांत टाकून दुसऱ्या पारड्यांत आपण काय टाकलें? कांहीं उपदेश! तिसरा आक्षेप असा कीं हें सरकारचें काम आहे. सरकारनें आपलें काम केलेंच पाहिजे, व तें करीत नसेल तेथें त्याच्यावर आम्ही टीका करूंच. परंतु सरकार हुकूम काढूं शकतें, अनुदान देऊं शकतें. शेजारीण होऊं शकत नाहीं. विहिणीच्या पंगतींत तिला शेजारीं बसवून घेणें हें कोणत्याही खात्याच्या अखत्यारींतलें काम नाहीं.

कायद्याच्या अंगानेंही एक मागणी आम्ही करतों. १९५६ च्या कायद्यांतील आठवें कलम सार्वजनिक ठिकाणीं गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल खुद्द स्त्रीलाच कैदेची शिक्षा सांगतें. एका कलमानें तिला बळी म्हणावयाचें आणि दुसऱ्या कलमानें आरोपी करावयाचें, अशी ही विसंगति आहे. या कलमाच्या भीतीनेंच कित्येकजणी पोलिसांपुढें तोंड उघडीत नाहींत, व दलालाचें फावतें. हें कलम संसदेनें काढून टाकावें.

तें होईल तेव्हां होवो. आपल्या हातीं असलेली गोष्ट करण्यास संसदेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आमची सूचना अशी आहे: प्रत्येक जिल्ह्याच्या गांवीं व्यापारी संघ, वकील संघ, डॉक्टर, शिक्षक आणि महिला मंडळें यांनीं एकत्र बसून किमान दहा नांवांची एक यादी करावी. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्या, आणि या वाटेनें जाऊन सुटून आलेली एखादी स्त्री तयार असेल तर तिला पहिलें स्थान द्यावें. कारण या विषयांत तिच्याइतका तज्ज्ञ दुसरा कोणी नाहीं. ही यादी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व जिल्हा विधिसेवा प्राधिकरण यांच्याकडे लेखी द्यावी आणि सांगावें कीं, झडतीला साक्षीदार पाहिजे असल्यास, दंडाधिकाऱ्यास पांच जणांचें मंडळ पाहिजे असल्यास, घरच्यांची चौकशी करावयाची असल्यास, कोर्टांत सोबत पाहिजे असल्यास, ही माणसें रात्रीअपरात्रीं येतील. जोडीस एक छोटा निधि असावा. त्यांतून खोलीचें पहिलें भाडें, प्रवासखर्च व औषध भागावें. आणि त्याचा जमाखर्च, कोणाही स्त्रीचें नांव न घालतां, दरसाल जाहीर करावा. व्यापाऱ्यांनीं आपल्या पेढीवरील एकेक जागा यादींत लिहून द्यावी.

यांत अवघड असें कांहींच नाहीं. गणपतीच्या वर्गणीस व लग्नाच्या मांडवास याहून अधिक माणसें व अधिक पैसा आपण दरसाल उभा करतों. कायद्यानें गांवाला मारलेली हांक सत्तर वर्षें कागदावर पडून आहे. ज्या दिवशीं आपल्या गांवची दहा नांवांची यादी कचेरींत दाखल होईल त्या दिवशीं ती हांक कोणीं तरी ऐकली असें म्हणतां येईल, आणि पुढची धाड पडेल तेव्हां पोलिसांच्या गाडींतून उतरणाऱ्या मुलीस, आपली वाट पाहत उभें असलेलें एक तरी माणूस दिसेल.